पहिल्या भागातला बाप

हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला दोन गोष्टींची मनाई केली होती. जड काही उचलायचं नाही आणि मोठ्यानं हसायचं नाही. पहिली मनाई मी घरी आल्यावर चौथ्या दिवशी मोडली, कारण मुलीच्या टेबलावरचं ते पुस्तक सहाशे दहा पानांचं होतं. दुसरी मोडायला सातवं पान पुरलं. सातव्या पानावर नायक येतो, आणि नायकाच्या डोक्यावर शिंगं असतात.

बैलाची नाही, बारशिंग्याची. फांद्या फुटलेली, चांगली दोन-अडीच हात रुंद. हा शेजारच्या शत्रुराज्याचा राजपुत्र. देखणा, दुःखी, कमी बोलणारा, आणि दर चौथ्या पानाला ओठाचा एकच कोपरा वर करून हसणारा. नायिका नदीवर नाव चालवते. पहिल्याच भेटीत तो तिच्या नावेत चढतो आणि त्याची शिंगं शिडाच्या दोरात अडकतात. मी पुस्तक छातीवर पालथं ठेवलं, दोन्ही हातांनी टाके धरले आणि हसलो. डोळ्यांत पाणी आलं ते निम्मं हसण्याचं होतं आणि निम्मं टाक्यांचं.

स्वयंपाकघरातून बायको आली. "काहून हसून राहिले? डॉक्टरनं काय सांगतलं होतं तुमाले?"

"जावई पाहून राहिलो," मी म्हटलं. "पोरगा चांगला आहे वं. फक्त आपल्या दारातून आत येणार नाही."

तिनं पुस्तक पाहिलं. मग मुलीच्या खोलीचं उघडं दार पाहिलं. "तिच्या वस्तूले हात नका लावू," एवढं म्हणाली आणि कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेली. मे महिना होता. मनीषनगरातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर कूलरला दिवसातून तीनदा पाणी पाजावं लागतं, आणि बादली उचलायची मला मनाई होती.

आता मी कोण ते सांगतो. एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, पण ते पोटासाठी. माझं खरं काम बोलणं. लग्नाचं सूत्रसंचालन, वाढदिवस, निरोप समारंभ. आमच्या कचेरीत ज्याच्या निरोपाला मी बोललो नाही, त्याला आपण निवृत्त झालो हे पटतच नाही. चार माणसं जमली आणि मी गप्प बसलो तर लोक बायकोला विचारतात, साहेबांची तब्येत बरी नाही का. कोणत्याही माणसाची मी गोष्ट करू शकतो. त्याची चाल, त्याचा खोकला, त्याची फजिती. सामान कुठून येतं? घरातून. बायकोच्या माहेरातून. आणि सगळ्यात जास्त मुलीकडून. तिच्या हॉस्टेलच्या पहिल्या महिन्याची एक गोष्ट मी इतक्या ठिकाणी सांगितली आहे की लोक फर्माईश करतात. ती तिथे उभी असली तर तीही हसते.

आणि आता पुस्तकाला हात का लावला ते. मुलगी पंचवीस वर्षांची, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. बायकोच्या माहेराकडून, रामटेकहून, एक स्थळ आलं होतं. मुलगी नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. "थांबा ना थोडं," म्हणाली. असं तिनं तीनदा म्हटलं. उन्हाळा लागल्यापासून ती घरी येऊन जेवायची, ताट धुवायची आणि खोलीत जायची. काय आहे ते मला कळायला हवं होतं. त्याहून खरं सांगायचं तर, ते तिनं मला सांगायला हवं होतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही, मला. सगळं गाव माझ्याजवळ येऊन बोलतं आणि घरातली एकुलती एक पोरगी बोलत नाही, ही गोष्ट मी कोणाला सांगू शकत नव्हतो. मी न सांगितलेली ती एकच गोष्ट.

तिच्या पुस्तकाला हात लावायला माझ्याकडे एक कायदाही होता. माझे वडील गिरणीत होते. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते, तिथून ते एक तरी पुस्तक आणायचेच. घरी आले की कपडे बदलायच्या आधी पहिल्या पानावर लिहायचे, "घरचं पुस्तक". कोणाचं नाव लिहायचं नाही. आपल्याकडे पुस्तक आलं ते कोणा एकासाठी आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आजीला वाचता येत नव्हतं, तर ती पुस्तक मांडीवर घेऊन बसायची, कारण तेही तिचंच होतं. हा नियम मीही पाळला. आमच्या घरात पैसे लपवता येतील, पत्र लपवता येईल, पुस्तक लपवता येणार नाही. पुस्तकाला कोणीही हात लावावा.

या पुस्तकाच्या पहिल्या पानावर हिरव्या शाईनं माझ्या मुलीचं नाव होतं. फक्त तिचं. आमच्या घरात नाव घातलेलं हे पहिलं पुस्तक. मी ते पाहिलं, मला त्याची गंमत वाटली, आणि मी पान उलटलं.

आत आणखी मोठी गंमत होती. या पोरींची एक पद्धत असते. पुस्तक एकीनं घ्यायचं, वाचता वाचता समासात आपल्या शाईत लिहायचं, मग दुसरीला द्यायचं. दुसरीनं तिच्या शाईत लिहायचं, पहिलीला उत्तरं द्यायची, भांडायचं, रडायचं. फिरून पुस्तक मालकिणीकडे परत. माझी मुलगी हिरवी. तिच्या दोन मैत्रिणी, एक निळी आणि एक जांभळी. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत तोंडाला येईल तसं. जिथे नायक हसला तिथे जांभळी लिहिते, "हाय मर गयी". खाली निळी, "सांभाळ, पुढे अजून चारशे पानं आहेत". माझं इंग्रजी कचेरीच्या पत्रांपुरतं. दर पानाला मोबाइलमध्ये तीन शब्द शोधायचो. पण समास वाचायला मला काहीच शोधावं लागत नव्हतं.

आठ दिवस मी ऐश केली. ती साडेआठला बसनं गेली की मी तिच्या खोलीतून पुस्तक आणायचो. दुपारभर कूलरसमोर शत्रुराज्यात. सात वाजता ती यायच्या आत पुस्तक जागेवर, पहिल्यासारखं तिरपं. आरशासमोर उभं राहून ओठाचा एकच कोपरा वर करून हसायचाही मी सराव केला. बायकोनं पाहिलं. "दाढ दुखून राहिली का?"

"प्रेम करून राहिलो."

"मग डॉक्टरले फोन लावते."

हिरवी शाई मी मात्र चष्मा पुसून वाचत होतो. एखादं नाव, एखादं आद्याक्षर, एखादी जागा सापडते का ते पाहत होतो. नाव सापडलं नाही. पण एका जागी राजपुत्र नायिकेच्या झोपडीत येतो, दार एवढंसं, आणि तो शिंगं सांभाळत गुडघ्यांवर येऊन आत सरकतो. तिथे हिरवं होतं, "दार लहान असेल तर वाकणारा हवा. दार मोठं करून मागणारा नको." वा! वाक्य मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. पोरगी कोणाची आहे?

आणि मग मला माझी भूमिका सापडली. नायिकेला बाप आहे. तो दरबारात गोष्टी सांगतो, हेच त्याचं काम. राजा उदास असला की त्याला बोलावतात. तो येतो, सेनापतीची नक्कल करतो, राणीच्या कुत्र्याची करतो, स्वतःच्या मेलेल्या सासूचीसुद्धा करतो आणि सगळा दरबार पोट धरतो. तो पहिल्यांदा दरबारात येतो त्या पानाच्या समासात हिरव्या शाईत एकच शब्द होता. "बाबा!!" दोन उद्गारचिन्हं.

किती आनंद झाला ते सांगता येत नाही. सहाशे पानांच्या पुस्तकात, परक्या देशात, परक्या भाषेत माझ्या पोरीनं मला ओळखलं होतं. राजपुत्र माझ्यासाठी तिथेच संपला. त्यानंतर मी शिंगांची पानं भरभर उलटायचो आणि गोष्टीवाल्याच्या पानांवर रेंगाळायचो. तो बोलला की मी त्याच्या जागी मराठीत बोलून पाहायचो. त्या पानांवरही हिरवं बारीक अक्षरात बरंच काही होतं. ते मी वाचलं नाही. तिथे मला प्रियकराचा पत्ता सापडणार नव्हता, आणि माझ्याबद्दल जे कळायचं ते मला दोन उद्गारचिन्हांत कळलं होतं.

रविवारी साळ्याच्या घराचा गृहप्रवेश होता, नंदनवनात. भंतेजी वंदना घेऊन गेले, पंगती उठल्या, माणसं नव्या फरशीवर भिंतीला टेकून बसली. पंख्याखाली आमच्याकडच्या उन्हाळ्याची ती सुस्ती. साळा म्हणाला, "भाऊजी, घर कसं मुकं मुकं वाटून राहिलं गा. तुमी बोलल्याशिवाय घर चालू होत नाही."

"टाके आहेत माझे."

"टाके आमी धरतो. तुमी बोला."

मी उठलो. मला उठायचंच होतं. पाचशे चोवीस पानं पोटात घेऊन मी आठ दिवस घरात बसलो होतो, ऐकायला कोणी नव्हतं.

म्हटलं, मंडळी, आमच्याकडे स्थळ आलं आहे. मुलगा राजघराण्यातला. उंची सहा फूट, शिंगांसकट साडेआठ. हसतो अर्ध्याच तोंडानं, बाकीचं अर्धं हुंड्यासाठी राखून ठेवलं असावं. मुलगी पाहायला आला तर लिफ्टमध्ये मावेना, चार मजले जिन्यानं चढला. सोफ्यावर बसला तर आमच्या पंख्याची तीन पाती गेली. मी टॉवेल डोक्याला गुंडाळून दोन उलथनी त्यात खोचली आणि दारातून वाकून आत यायची नक्कल केली. साळ्याच्या सासूबाई तोंडाला पदर लावून लोळायच्या बाकी होत्या. कोणी ओरडलं, "अन् पोरगी काय म्हणते?"

हाच तो प्रश्न. मला थांबता आलं असतं. मी आवाज खाली आणला, नेहमी आणतो तसा, आणि म्हटलं, "आमच्या पोरीची एकच अट आहे. दार लहान असेल तर वाकणारा हवा. दार मोठं करून मागणारा नको."

टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या. कोणी तरी म्हणालं, काय बोलली पोरगी! मी तिला शोधलं. ती दाराशी उभी होती, हातात खिरीच्या वाट्यांचा ट्रे. सगळे तिच्याकडे पाहत होते म्हणून ती हसत होती. ते हसणं मी अनेक वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की हसताना तिनं ट्रे छातीशी धरला होता.

"ह्याले काही समजत नाही," बायको कोणाला तरी म्हणाली. मला वाटलं साळ्याबद्दल म्हणाली.

परतताना कारमध्ये बोलणारा मी एकटाच होतो. मी दोनदा सुरुवात केली. रेल्वेचं फाटक, उन्हाचा विषय, नव्या घराची फरशी. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसची बॅग खांद्याला लावून माझ्या पलंगापाशी आली. हातात पुस्तक. तिनं ते माझ्या पायांशी ठेवलं.

"पाचशे चोवीसपर्यंत झालंय तुमचं," ती म्हणाली. "पुढचं वाचा."

"तुला कसं..."

तिनं पुस्तक उघडून दाखवलं. ड्रेसिंगला यायच्या तारखा लिहिलेलं माझं हॉस्पिटलचं कार्ड. वर माझं नाव, वय, लिंग, आणि शेरा: जड वस्तू उचलू नये. आठ दिवस मी तेच खूण म्हणून ठेवत होतो, आणि सात वाजायच्या आत पुस्तक तिरपं ठेवण्याच्या हुशारीत कार्ड काढायचं रोज विसरत होतो.

"तिसऱ्या दिवशीच दिसलं मला," ती म्हणाली. "मग मी मुद्दाम टेबलावर ठेवून जात होते. नाही तर बॅगेत नेते मी."

"मुद्दाम?"

"मला वाटलं, वाचतील. शेवटपर्यंत वाचतील, मग मला मुद्दाम तोंडानं सांगावं लागणार नाही. मी रोज येऊन पाहत होते, किती पानं झाली." ती घड्याळ पाहत होती. "शहाऐंशी पानं राहिली होती बाबा. तेवढं पण थांबता आलं नाही तुम्हाला."

बस आली असणार. ती गेली.

मी शहाऐंशी पानं वाचली. सकाळी नऊपासून चारपर्यंत, न जेवता. आधी मागे गेलो आणि गोष्टीवाल्याची पानं काढून ते बारीक हिरवं वाचलं. "बाबा!!"च्या चार पानं पुढे, जिथे तो स्वतःच्या मुलीची नक्कल करतो, तिथे लिहिलं होतं, "सगळे हसतात. जिची गोष्ट आहे ती पण हसते. दुसरं करणार काय?" त्याखाली निळी, "तू कधी सांगितलं नाहीस त्यांना?" त्याखाली हिरवी, "सांगितलं तर त्याचीच गोष्ट होईल."

मग पुढची पानं. पाचशे एकतीसवर नायिका ठरवते की बापाला सगळं सांगायचं. राजपुत्राला पकडायला सैनिक फिरत आहेत, आणि राजाजवळ शब्द टाकू शकेल असा एकच माणूस तिच्या ओळखीचा आहे, तिचा बाप. ती सकाळीच त्याच्या खोलीपाशी जाते. आत तो संध्याकाळच्या मेजवानीची तालीम करतो आहे. नदीकाठच्या लोकांनी शिंगवाला माणूस पाहिला अशी बाजारात आवई आहे, त्या आवईवर त्यानं काहीतरी मजेदार रचलं आहे. ती दाराबाहेर उभी राहून थोडं ऐकते आणि परत फिरते. संध्याकाळी तो ती गोष्ट सांगतो. दरबार हसतो. एकटा सेनापती हसत नाही, तो नदीकाठी माणसं पाठवतो. बापाला ठाऊकच नाही, तो कोणाबद्दल बोलला ते. शेवटच्या प्रकरणात ती शिंगं राजाच्या भिंतीवर टांगलेली आहेत आणि नायिका नाव घेऊन पलीकडच्या राज्यात जाते. मागे पाहत नाही. पुस्तक संपतं. पुढचं दुसऱ्या भागात.

पाचशे एकतीसच्या समासात हिरव्या शाईला जागा पुरली नव्हती. अक्षर कागदाच्या कडेनं वळून खाली गेलं होतं. "फेब्रुवारी. मी पण अशीच उभी होते. त्याच्या घरी आडनावाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तुझे बाबा एकदा येऊन बोलले तर माझे वडील ऐकतील, त्यांच्या शब्दात दम आहे, सगळे म्हणतात. मी सांगायला गेले. बाबा फोनवर कोणाला तरी माझी हॉस्टेलची गोष्ट सांगत होते. मी परत आले."

जांभळीनं खाली फक्त एक रेघ ओढली होती. काही लिहिलं नव्हतं.

मी फेब्रुवारी आठवायचा प्रयत्न केला. कोणाचा फोन होता, कोणता वार होता, मी पलंगावर होतो की गॅलरीत. काही आठवलं नाही. इतक्या वेळा सांगितली होती मी ती गोष्ट, की त्यातली एक वेगळी काढता येईना.

ती सात वाजता आली. मी दारातच उभा होतो, शर्ट घालून, कंगवा फिरवून. म्हटलं, "चल. आत्ता जाऊ त्याच्या घरी. मी बोलतो. आडनाव विचारणाऱ्यांशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. आयुष्य गेलं माझं त्यात."

आणि ते खरंच होतं. आडनाव ऐकून पाण्याचा पेला उशिरा देणारी घरं मी पाहिली आहेत, आणि निघताना त्याच घरात दुसरा चहा घेऊन, सगळ्यांना हसवून बाहेर पडलो आहे. ज्या कामासाठी तिला माझं तोंड हवं होतं, त्या कामात या शहरात माझ्याइतका तरबेज माणूस सापडला नसता.

तिनं चपला काढल्या. जागेवर ठेवल्या.

"त्याचं साक्षगंध झालं बाबा," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये."

साक्षगंध झालं म्हणजे झालं. आमच्याकडे त्यानंतर फक्त लग्नाची तारीख उरते. मी दारात तसाच उभा राहिलो, कंगवा फिरवलेल्या डोक्यानं. आणि तेव्हा सुद्धा, हे लिहायला मला लाज वाटते, माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. चांगलं वाक्य होतं. शिंगांवरचं. ऐकलं असतं तर तुम्ही हसला असता. मी ते गिळलं. ते मी अजूनपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, पण त्याबद्दल मला शाबासकी द्यावी असं त्यात काही नाही. ते आलं होतं.

"मग टेबलावर पुस्तक कशाला ठेवलं?" मी विचारलं. "झालंच होतं सगळं, तर?"

"ते झालं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत व्हावं असं मला वाटत होतं, बस. कोणाला तरी घरात माहीत असावं. आणि ते घरातच राहावं."

बायको मागे उभी होती. तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं असं मला नंतर कळलं. मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले तिनं शपथ घातली होती. अन् नसती घातली तरी सांगतलं नसतं."

ऑगस्टमध्ये मुलीनं पुण्याच्या ऑफिसात बदली मागून घेतली. रामटेकच्या स्थळाला आम्ही नाही कळवलं. तिला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा तिच्या बॅगेत ते पुस्तक होतं, मी पाहिलं. तिचं नाव होतं त्यावर. तिचंच होतं.

त्यानंतर मी कुठे गेलो की लोक म्हणतात, ते हॉस्टेलवालं होऊन जाऊ द्या. मी म्हणतो, विसरलो. लोकांना ही नवी गंमत वाटते, ते त्यावरही हसतात. साळा म्हणतो, भाऊजींची चावी संपली. मी अजून बोलतो. सेनापतीच्या नकला करतो, राणीच्या कुत्र्याच्या करतो. घरातलं मात्र काही बाहेर काढत नाही, आणि घरातलं काढलं नाही तर माझ्याजवळ फारसं काही नव्हतंच, हे मला पन्नाशीत कळलं.

दुसरा भाग निघाला तेव्हा मी सीताबर्डीवर जाऊन तो घेतला. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "भेट द्यायचं आहे का काका? पॅक करू?" म्हटलं, नाही, मलाच वाचायचं आहे. तिनं ओठाचा एक कोपरा वर केला.

घरी येऊन पेन काढलं, "घरचं पुस्तक" लिहिण्यासाठी. मग पेन बंद केलं. घरात बायको आणि मी. ती असली पुस्तकं वाचत नाही.

सहाशे चाळीस पानं, सगळे समास कोरे. राजपुत्र जिवंत निघतो, त्याला शिंगं पुन्हा फुटतात, आधी मखमली, मग टणक. राज्यं बदलतात, लढाया होतात, नायिका तीनदा मरता मरता वाचते. मी गोष्टीवाल्याची वाट पाहत होतो. दर प्रकरणाला वाटायचं, आता येईल. तिला पत्र लिहील, किंवा वेश बदलून नदी ओलांडून येईल, किंवा दरबारात एकदा तरी गप्प बसेल. तो येत नाही. एकदाच, तीनशे बाराव्या पानावर, कोणी तरी नायिकेला विचारतं, तुझं मागे कोणी आहे का. ती म्हणते, "आई आहे." आणि वल्ही उचलते.

तिचा फोन येतो, रविवारी. पाऊस आहे का, ऊन आहे का, आई काय करते, तुमचा बीपी. तिच्या आवाजात राग नसतो. राग असता तर मी त्याचं काहीतरी केलं असतं. ती मला असं काहीच सांगत नाही की ज्याची गोष्ट होईल.

म्हणून हे मी लिहून काढलं. बोललो नाही, लिहिलं, आणि कोणाला वाचून दाखवायच्या आधी तिला पाठवलं. कागदावर, एका बाजूनं, डावीकडे चांगला चार बोटं समास सोडून. सोबत चिठ्ठी: जे नको ते काढ. जे लिहायचं असेल ते लिही.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. हॉस्टेलची गोष्ट मी यात पूर्ण लिहिली होती, दोन पानं, पुन्हा कधी सांगणार नाही म्हणून शेवटची एकदा. त्या दोन्ही पानांवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ होती. आणखी एका जागी, त्या मुलाबद्दल मला नंतर जे कळलं त्या चार ओळींवर. ते सगळं मी काढलं आहे.

समास मी दिव्याखाली धरून, पालथे करून पाहिले. एकाही पानावर तिनं एकही अक्षर लिहिलेलं नाही.